आधी सुधारतो मग येतो, हा क्रमच उलटा आहे

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला आहे. विचारणारे 46 वर्षांचे आहेत. लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, पण गेली 19 वर्षं ना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), ना कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली). दारू रोजची. घरच्या सामाईक कापसाचे आणि बैलजोडीचे पैसे आले, त्यातले भावाच्या वाट्याचे 80,000 रुपये त्यांनी उडवले आणि तेव्हापासून भाऊ बोलत नाही. लग्न रजिस्टर केलेलं, बायको ख्रिस्ती नाही, दोन मुलं आहेत. आई दोन वर्षांपूर्वी वारली आणि त्या रात्री हे शुद्धीत नव्हते. ते लिहितात: "आधी दारू सुटू दे, भावाचे पैसे फिटू दे, मग चर्चला तोंड दाखवतो असं ठरवलं आहे. देव मला घेईल का? पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? फादर माझं बाहेर कोणाला सांगतील का?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो. देव घेईल, आणि त्यात "बहुतेक" नाही. बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा नाही. तो आयुष्यात एकदाच होतो आणि 19 वर्षं चर्चला न गेल्यानं पुसला जात नाही. कोणी पुन्हा बुडवून घ्यायला सांगितलं तरी जाऊ नका. आणि फादर बाहेर काही सांगू शकत नाहीत, त्याबद्दल खाली लिहितो. पण "आधी फेडतो, मग येतो" हा जो बेत तुम्ही केला आहे, तो सोडा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट दारू नाही, हा बेत आहे.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय काढा आणि उधळ्या पुत्राचा दाखला आज घरी सावकाश वाचा. बाप जिवंत असताना हिस्सा मागणं म्हणजे काय, हे सातबाऱ्यावरून घरं फुटलेली पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मोशेच्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. दोनच भाऊ असले तर नऊ एकरांतले सहा थोरल्याचे, तीन धाकट्याचे. धाकट्यानं आपला वाटा घेतला, परमुलखात उडवला, दुष्काळ पडला आणि डुकरं राखायची पाळी आली. यहुदी माणसाला याहून खालचं काम नव्हतं. डुकरांपुढच्या शेंगा खाव्यात असं वाटू लागलं, तेव्हा तो भानावर आला.

आता नीट बघा. तिथे बसून तो बापापुढे काय बोलायचं ते पाठ करतो. तीन वाक्यं आहेत. मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यापुढे पाप केलं आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही. मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. इथला मूळ ग्रीक शब्द रोजंदारीच्या मजुराचा आहे. सालगड्याला निदान वर्षाची हमी असते, रोजंदाराला उद्याचीही नसते. म्हणजे मुलाचा हिशेब असा, की राहीन बापाच्याच घराजवळ, पण मजुरी करून, कमावून. मग तो घरी पोचतो. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो. मुलगा पहिलं वाक्य बोलतो, दुसरं बोलतो, आणि तिसऱ्याच्या आधीच बाप नोकरांना हाका मारू लागतो: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला. तिसरं वाक्य त्याच्या तोंडातच राहतं.

तुमचं "आधी पैसे फेडतो, मग येतो" हे तेच तिसरं वाक्य आहे. तुम्हाला मजूर म्हणून घरात शिरायचं आहे. बापानं नेमकं तेवढंच बोलू दिलेलं नाही.

धोतर नेसलेला म्हातारा माणूस गावच्या रस्त्यानं धावत सुटला तर ओट्यावरची माणसं उठून उभी राहतील. त्या काळीही घरच्या कर्त्यानं असं धावणं शोभत नसे. तो धावला, कारण त्याला मुलाआधी पोचायचं होतं. मुलाची आंघोळ झालेली नव्हती, डुकरांचा वास अंगाला होता. देवाची दया म्हणजे पापाकडे डोळेझाक, असा अर्थ पुष्कळ लोक करतात. तसं नाही. दया आधी पोचते, आणि माणूस सुधारतो तो तिच्या मागून, तिच्या जोरावर.

पण एक गोष्ट त्या दाखल्यात तशीच राहिली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. उडवलेले तीन एकर परत आले नाहीत. बाप थोरल्याला म्हणतो, जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे पुन्हा वाटणी झाली नाही. क्षमा पूर्ण झाली, मुलगेपण पूर्ण परत मिळालं, तरी खर्चलेलं खर्चलेलंच राहिलं. तुमच्या 80,000 रुपयांचं काय, याचं उत्तर इथून सुरू होतं. आधी कन्फेशनचं सांगतो.

पुस्तकात याचं नाव प्रायश्चित्त संस्कार किंवा समेटाचा संस्कार. गावात सगळे कन्फेशनच म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरतो. यात तीन गोष्टी तुमच्याकडून लागतात आणि एक देवाकडून धर्मगुरूच्या हातून येते. तुमच्याकडून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त, पलीकडून पापमोचन. पश्चात्ताप म्हणजे रडू येणं नव्हे. रडू आलं तर येऊ द्या, नाही आलं तरी चालतं. "हे मी केलं, ते वाईट होतं, पुन्हा करायचं नाही" असं मनाशी ठरवणं म्हणजे पश्चात्ताप. देवावरच्या प्रेमापोटी आलेला पश्चात्ताप सर्वांत चांगला. पण नुसत्या शिक्षेच्या भीतीनं किंवा पापाच्या किळसेनं आलेला कच्चा पश्चात्तापसुद्धा कन्फेशनला पुरतो. हे मुद्दाम सांगतो, कारण "माझं मन अजून तेवढं शुद्ध नाही" म्हणून दारातून परत फिरणारे पुष्कळ असतात.

तयारीला अर्धा-पाऊण तास द्या. एक कागद घ्या आणि दहा आज्ञा एकेक करून पुढे ठेवा. गंभीर पापं कोणती, आणि अंदाजे किती वेळा, एवढंच लिहायचं. 19 वर्षांचा नेमका आकडा कोणाला आठवणार? "जवळजवळ रोज, अठरा-एकोणीस वर्षं" हे पुरेसं आहे. भगताकडे जाऊन कोणावर काही करवलं असेल, कोर्टात किंवा तलाठ्यापुढे खोटं सांगितलं असेल, बायकोवर हात टाकला असेल, तेही लिहा. हात टाकणं लोक दारूच्या खात्यात घालून मोकळे होतात. ते वेगळं पाप आहे, वेगळं सांगा. कन्फेशन झाल्यावर कागद जाळून टाका.

खेड्यात सगळ्यात मोठी अडचण वेळेची असते. फादर महिन्यातून एक-दोनदा येतात, मिस्सा सुरू व्हायला पाच मिनिटं असतात आणि मागे आठ जण उभे असतात. 19 वर्षांचं कन्फेशन त्या पाच मिनिटांत करू नका. दोन दिवस आधी फोन करा आणि म्हणा, "फादर, फार वर्षांनी यायचं आहे, स्वतंत्र वेळ द्या." एवढं म्हटलं की कोणताही फादर वेळ काढतो. आपल्याच फादरसमोर लाज वाटत असेल तर दुसऱ्या गावी जा, नागपूरला सदरच्या कॅथीड्रलमध्ये जा, त्यात काही चुकीचं नाही. चंद्रपूर-बल्लारपूरकडचे फादर सिरो-मलबार रीतीचे, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्याच केरळी परंपरेचे आहेत; तुमच्यासारख्या लॅटिन रीतीच्या कॅथलिकाला त्यांच्याकडेही कन्फेशन करता येतं. विदर्भातले बरेच फादर केरळातून आलेले आहेत. त्यांना मराठी येतं, पण अस्सल वऱ्हाडी भरभर बोललात तर काही शब्द निसटतील. सावकाश, साध्या शब्दांत बोला.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा आणि सुरुवात अशी करा: "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझ्या शेवटच्या कन्फेशनला 19 वर्षं झाली." पुढचं आठवत नसेल तर तसं सांगा, फादर हात धरून नेतात. मग कागदावरचं वाचा. पश्चात्तापाची प्रार्थना विसरला असाल तर "हे देवा, मज पाप्यावर दया कर" एवढंही चालेल. येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यात मंदिरात मागे उभा राहिलेला जकातदार एवढंच बोलला होता आणि नीतिमान ठरून घरी गेला. शेवटी फादर हात पुढे करून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं पापमोचनाचे शब्द म्हणतात. त्या शब्दांबरोबर क्षमा होते. मन हलकं वाटलं नाही तरी होते.

चुका कुठे होतात? पहिली, पापांऐवजी कहाणी सांगणं: सासरे कसे वागले, भावानं काय म्हटलं, पाऊस कसा दगा देऊन गेला. त्यात दुसऱ्यांचीच पापं जास्त निघतात. दुसरी, "सगळीच पापं केली, फादर" असं एका दमात म्हणणं. त्यानं काहीच सांगितलं जात नाही. तिसरी आणि खरी धोक्याची, लाजेनं एक पाप जाणूनबुजून मागे ठेवणं. तसं केलं तर सगळं कन्फेशनच निष्फळ होतं आणि वर एक पाप वाढतं. विसरलेल्या पापाचं मात्र तसं नाही. प्रामाणिकपणे विसरलं तर तेही माफ होतं, पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं. चौथी, धीर यावा म्हणून एक क्वार्टर मारून येणं. हे खरंच घडतं, आणि त्यामागची भीती मला समजते, पण शुद्धीत नसलेल्या माणसाचा निश्चय धरता येत नाही. थरथरत्या हातानं या, पण न पिता या.

आता गुप्ततेचं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणानं सांगू शकत नाही: बिशपना नाही, पोलिसांना नाही, तुमच्या बायकोला नाही. जाणूनबुजून थेट सांगितलं तर तो त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे असतो. तुमच्या परवानगीशिवाय तो नंतर तुमच्याशीही तो विषय काढू शकत नाही. मात्र अंगणात उभं राहून मारलेल्या गप्पांना हे संरक्षण नाही. सुरुवातीलाच "मला कन्फेशन करायचं आहे" असं म्हणा.

तुमच्या बाबतीत एक गाठ आहे, ती स्पष्ट सांगतो. कॅथलिक माणसानं बिशपच्या परवानगीशिवाय फक्त रजिस्टर लग्न केलं असेल तर चर्चच्या दृष्टीनं ते लग्न झालेलं नसतं. ते तसंच ठेवून पापमोचन आणि कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेता येत नाही. म्हणून फादरना पहिल्याच भेटीत लग्नाचं सांगा. बायकोनं धर्म बदलायची गरज नाही, आणि कोणी तशी अट घातली तर ती चर्चची अट नव्हे. बिशपकडून सूट मिळते. तुम्ही आपला विश्वास जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं, आणि बायकोला त्याची कल्पना द्यायची असते. जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणा. सहा महिन्यांपेक्षा जुना सहसा चालत नाही. नोंदवहीत नाव एक आणि आधारवर दुसरं, असं आपल्याकडे फार असतं, तेव्हा दोन्ही बरोबर न्या. विधी साधा असतो: फादर, दोन साक्षीदार, वीस मिनिटं. बायको विधीला उभी राहायला तयार नसेल तरीही, तुमचं एकत्र राहायचं पक्कं असेल तर बिशप मूळ लग्नालाच मान्यता देऊ शकतात. कागद बिशपांकडे जाऊन येईपर्यंत वेळ लागतो. तोवर मिस्सेला येणं, प्रार्थना, दारूचं औषध आणि भावाशी बोलणं, यातलं काहीही थांबवू नका. तुम्ही घराच्या रस्त्याला लागलेले असता.

दारूबद्दल. "पुन्हा पिणार नाही असं वचन कसं देऊ, माझा मलाच भरवसा नाही," असं मनात येईल. मी पुन्हा पडेन अशी भीती वाटणं वेगळं आणि पुन्हा प्यायचं ठरवून ठेवणं वेगळं. पहिल्यानं कन्फेशन बिघडत नाही, दुसऱ्यानं बिघडतं. पडलात तर पुन्हा या. येशूचा शिष्य पेत्र यानं विचारलं, भावाला सात वेळा क्षमा करू का? प्रभूनं उत्तर दिलं, साताच्या सत्तर वेळा. माणसाकडून एवढी अपेक्षा ठेवणारा देव स्वतः त्याहून कमी करणार नाही. पण दया आणि उपचार यांची सरमिसळ करू नका. रोज पिणाऱ्यानं नवस किंवा उपास धरून एका रात्रीत दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत थरकाप, भ्रम, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरला गाठा, औषधावर सोडा. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला उपास पुढच्या वर्षी करता येईल.

आता भावाचे 80,000. पापमोचनानं पाप जातं, देणं राहतं. मोशेच्या नियमात लुबाडलेलं परत करताना पाचवा भाग वर घालावा लागे. तुमच्या हिशेबानं 16,000, म्हणजे एकूण 96,000. लूकच्याच शुभवर्तमानातला जकातदार जक्कय, लुबाडलेलं चौपट द्यायला उठला. चर्च तुमच्याकडून चौपट मागत नाही. घेतलेलं परत करा आणि त्यामुळे भावाचं जे नुकसान झालं ते शक्य तेवढं भरून द्या, एवढं मागतं. आज पैसे नसतील तर कन्फेशन अडत नाही. देण्याचा खरा इरादा आणि सुरुवात हवी. सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी काढून एकरकमी देऊ नका, ते एक कर्ज फेडून दुसऱ्याच्या दारात बसणं आहे. कापूस विकला की काही, तूर विकली की काही, असे हप्ते ठरवा आणि वहीत लिहा. पहिला हप्ता 2,000 चा असला तरी चालेल, पण तो याच हंगामात जाऊ द्या. जक्कयाकडे बघताना एक ध्यानात ठेवा: येशू त्याच्या घरी उतरणार हे आधी ठरलं, फेडण्याची घोषणा नंतर झाली.

भाऊ क्षमा करील का? कदाचित लगेच नाही. दाखल्यातला थोरला दिवसभर वावरात होता. संध्याकाळी घराजवळ येताना त्याला गाण्या-नाचण्याचा आवाज आला आणि कारण कळल्यावर तो आत जाईना. त्याच्या रागाला कारण होतं. तो बापाला म्हणतो "हा तुमचा मुलगा", त्याला भाऊ म्हणत नाही. बाप बाहेर येऊन त्याचीही विनवणी करतो आणि म्हणतो "हा तुझा भाऊ". पुढे तो आत गेला की नाही, हे लूकनं लिहिलेलंच नाही. तेव्हा भावाकडून क्षमा वसूल करायला जाऊ नका. "मला माफ कर" यापेक्षा "तुझे पैसे मी खाल्ले, हा पहिला हप्ता" हे वाक्य आधी बोला. तो दार लावून घेईल तर पैसे वहिनीकडे किंवा घरातल्या मोठ्या माणसाकडे द्या. देवाची क्षमा भावाच्या उत्तरावर टांगलेली नाही. चर्चमधले लोक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो: 19 वर्षांनी कोणी मागच्या बाकावर येऊन बसलं तर "एवढे दिवस कुठे होतास" असं विचारू नका. सरकून जागा द्या.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पत्रातलं सगळ्यात जड तेच आहे. त्या रात्रीचंही कन्फेशनमध्ये सांगा. आईची क्षमा आता तोंडी मिळणार नाही, पण ख्रिस्ती माणसाला मेलेले हे संपलेले नसतात. तिच्या नावानं मिस्सा लावा. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, लोक कबरींवरचं गवत काढून चुना मारतात. यंदा तुमच्या आईच्या कबरीचं गवत तुम्ही काढा.

दिव्य करुणेची, म्हणजे येशूच्या दयेची भक्ती करू का, असं अनेक जण विचारतात. पोलंडच्या संत फॉस्टिना कोवाल्स्का यांच्यामुळे ती पसरली. त्या 1938 साली वारल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 30 एप्रिल 2000 रोजी त्यांना संत जाहीर केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दिव्य करुणेचा रविवार ठरवला. या भक्तीच्या चित्रात येशूच्या हृदयातून एक लाल आणि एक फिकट किरण निघतो. ते त्याच्या कुशीतून वाहिलेलं रक्त आणि पाणी. तिची जपमाळ साध्या रोझरीच्या मण्यांवर होते, दहा-दहा मण्यांचे पाच गट, आठ-दहा मिनिटांची. दुपारी तीनला, प्रभूच्या मरणाच्या वेळी म्हणतात. कापूस वेचताना माळ जवळ नसेल तर बोटांवर मोजा. ती कन्फेशनच्या ऐवजी नाही, कन्फेशनपर्यंत चालत जाण्यासाठी आहे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा नाझरीन या प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या वाचकांकडे धर्मगुरूपुढे खाजगी कन्फेशन बंधनकारक नाही. प्रभुभोजनाआधी सगळ्यांची मिळून पापकबुली होते. तरी एखाद्या जड ओझ्यासाठी पाळकांना एकांतात भेटता येतं, आणि भेटावं. फेडीचं आणि भावाचं जे वर लिहिलं, ते त्यांनाही तसंच लागू आहे.

तुम्ही आता करायचं ते एवढंच: उद्या सकाळी, दिवसाची पहिली दारू घ्यायच्या आधी, फादरना फोन लावा. पहिल्या वाक्यात "फार वर्षांनी" म्हणा, दुसऱ्यात लग्नाचं सांगा, आणि भेटीची तारीख घेऊनच फोन ठेवा.